कॅनडाचा पीआर आला, आता राहायचं कुठल्या शहरात? (नर्स आणि क्वालिटी इंजिनियर, मुक्काम ठाणे)

ओवळेकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही घोडबंदर रोडला ओवळ्याला राहतो. मी बीएस्सी नर्सिंग, जवळजवळ सगळा अनुभव आयसीयूचा, सध्या ठाण्यातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, ठाणे-बेलापूर पट्ट्यात गाड्यांचे रबरी पार्ट करणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. सासूबाई नौपाड्यात जुन्या घरात एकट्या राहतात. तिथून त्या ओवळ्यालासुद्धा यायला तयार होत नाहीत, कॅनडा तर सोडाच.

एक्स्प्रेस एंट्रीत (गुणांवर माणसं निवडायची कॅनडाची योजना) आरोग्य क्षेत्राचा जो वेगळा ड्रॉ होतो, त्यातून माझ्या नावावर पीआर (तिकडे कायम राहण्याचा परवाना) आला. कागद हातात आहेत, मुदतीच्या आत जाऊन लँडिंग करायचंय. इथपर्यंत सगळं एकामागून एक होत गेलं, विचार करायला वेळच नव्हता. आता शहर ठरवायचंय आणि रात्री जेवताना रोज तोच विषय.

नवऱ्याचा मावसभाऊ ब्रॅम्प्टनला (ओंटारियो प्रांत, टोरांटोजवळ) आहे, त्यांचं बेसमेंट रिकामं होतंय. नवऱ्याचं म्हणणं, गाड्यांच्या पार्टचे कारखाने तिकडेच, आपलं माणूस आहे, मराठी मंडळ आहे, संपला विषय. माझ्या बॅचची मैत्रीण हॅलिफॅक्सला (नोव्हा स्कोशिया प्रांत, पूर्व किनारा) आहे, ती म्हणते डोळे मिटून इकडे ये. आणि माझा भाऊ ऐरोलीत बसून कॅलगरी कॅलगरी (अल्बर्टा प्रांत) करतोय. त्याने कॅनडा पाहिलेला नाही, व्हिडिओ पाहिलेत.

तिथे राहणाऱ्यांनी, राहून आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. घरभाडं, शाळा, थंडी, नोकऱ्या, सगळंच.

टवाळखोर

भावाला आधी कॅलगरीला पाठवा. तो काय सांगतो ते बघून ठरवा.

मिसिसॉगा_मामा

अभिनंदन! मी २००९ पासून इकडे, त्याआधी चरईत. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष टोरांटोच्या आसपासच काढा. कारण साधं आहे. पोचल्या दिवशी भाड्याने घर घ्यायला गेलात तर मालक इथल्या नोकरीचं पत्र मागतो, क्रेडिट हिस्टरी मागतो. तुमच्याकडे दोन्ही नसतं. मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या म्हणणारे भेटतात. ओळखीच्या माणसाचं बेसमेंट असेल तर हा सगळा ताप वाचतो.

पण मावसभाऊ असला तरी दोन गोष्टी विचारा. बेसमेंट नगरपालिकेत भाड्यासाठी नोंदवलेलं आहे का? आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट किंवा पुरेशी मोठी खिडकी आहे का? संकोच करू नका, मुलगी झोपणार आहे तिथे.

गाडीचा विमा ब्रॅम्प्टनमध्ये भयंकर महाग आहे. पोस्टल कोड बदलला की हप्ता बदलतो. त्यावर थोडाफार उतारा म्हणजे निघण्याआधी ठाणे आरटीओतून लायसन्सचा उतारा काढा, विमा कंपनीकडून किती वर्षं क्लेम नाही याचं पत्र घ्या. आधीचा अनुभव धरला गेला तर ओंटारियोत लेखी परीक्षेनंतर थेट शेवटची, पूर्ण लायसन्सची 'G' रोड टेस्ट देता येते, मधली वर्षं थांबावं लागत नाही. एक वर्षाहून जास्त अनुभव दाखवायचा तर मूळ लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा वकिलातीचं पत्र लागतं, ते इथून मागवत बसलात तर गेलं वर्ष.

भाडेवाढीला ओंटारियोत सरकारी मर्यादा आहे, २०२६ साठी २.१ टक्के. मात्र १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना ती लागू नाही. चकचकीत नव्या काँडोच्या मोहात पडताना हे लक्षात ठेवा.

वाशीकर_कॅलगरीत

तुमच्या भावाला रामराम. त्याने पाहिलेल्या व्हिडिओतलं खरं ते असं: अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, बिलावर फक्त ५ टक्के जीएसटी. ओंटारियोत तेच १३, नोव्हा स्कोशियात १४ (एप्रिल २०२५ पर्यंत १५ होता). घरं टोरांटोपेक्षा स्वस्त. उन्ह भरपूर. जानेवारीत उणे तीस होतं, मग शिनूक नावाचा कोरडा वारा डोंगरावरून येतो आणि एका दिवसात बर्फ वितळून रस्त्यावर पाणी. डोकं धरणाऱ्यांचं डोकं त्या दिवशी हमखास धरतं.

व्हिडिओत नसतं ते: भाडेवाढीवर टक्क्यांची मर्यादाच नाही, फक्त वर्षातून एकदाच वाढवायची एवढं बंधन. आणि सगळं तेलावर. तेल चढलं की शहर फुगतं, उतरलं की आधी कंत्राटी माणसं घरी. मी पाइपलाइनमध्ये आहे म्हणून माझं भागतं. रबरी पार्ट आणि गाड्यांचं काम करणाऱ्याला इथे काय काम मिळेल, मला तरी दिसत नाही. प्रामाणिकपणे सांगतो, यजमानांसाठी हे शहर नाही.

परतलेला_मुलुंडकर

कुठेही जाऊ नका. मी चार वर्षं काढून आलो. सरकारनेच पीआरचे आकडे खाली आणलेत, २०२५ साठी पाच लाखांचं ठरलं होतं ते तीन लाख पंच्याण्णव हजारांवर आणलं. गाड्यांवर अमेरिकेने २५ टक्के आयातशुल्क लावल्यापासून ओंटारियोतल्या कारखान्यांत काय चाललंय ते मिसिसॉगा मामांना विचारा.

टवाळखोर

आला. पॉपकॉर्न आणतो.

मिसिसॉगा_मामा

मुलुंडकर म्हणतात ते अगदीच खोटं नाही. विंडसर, ओशावा, ऑक्व्हिल इथल्या मोठ्या जुळणी कारखान्यांवर पार्टवाले अवलंबून असतात आणि सध्या सगळे हात राखून माणसं घेतायत. पण म्हणून कुठेच जाऊ नका हे काही उत्तर नव्हे. त्यांनी विचारलंय कुठे राहू, तुम्ही सांगताय जाऊ नका.

सिस्टर_मेट्रन

सगळे शहराबद्दल बोलताय. मूळ पोस्ट परत वाचा. पीआर हिच्या नावावर आलाय, हिच्या कामाच्या जोरावर आलाय, आणि घरात चर्चा कसली तर दिराच्या बेसमेंटची! हिच्या परवान्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. खुद्द हिनेही नाही.

ओवळेकरीण, मी ओंटारियोत नर्स आहे, मूळची कळव्याची. कॅनडात नर्सचा परवाना देश देत नाही, प्रांत देतो. प्रत्येक प्रांताची नियामक संस्था वेगळी. मी २०१६ ला आले तेव्हा आधी नॅशनल नर्सिंग असेसमेंट सर्व्हिसकडून कागद तपासून घ्यायला लागायचे. नर्सिंग कॉलेजने थेट पाठवायचे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलने थेट पाठवायचे, आपल्या हातातला लिफाफा चालत नाही. कुठल्या विषयाचे किती तास, वॉर्डमध्ये किती तास, सगळं भरून. एका फॉर्मवर शिक्का मारायचा राहिला आणि माझं सगळं अडकलं. मधल्या काळात पीएसडब्ल्यूचं काम केलं. म्हणजे वृद्धांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची. कामात कमीपणा नाही, मी आजही त्या बायकांना मानते. पण आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या बाईने दोन-तीन वर्षं ते सोडलं की हात विसरतात, आणि मुलाखतीत तेच विचारतात: शेवटचं क्रिटिकल केअर कधी केलंत?

आता दिवस बरे आहेत. नोव्हा स्कोशियाने मार्च २०२३ मध्ये सात देशांतल्या नोंदणीकृत नर्सना थेट वाट करून दिली: भारत, फिलिपिन्स, नायजेरिया, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ती लांबलचक छाननी नाही. नोंदणीचा पुरावा द्यायचा, चारित्र्याचा दाखला द्यायचा आणि एनक्लेक्स-आरएन ही नर्सच्या परवान्याची परीक्षा पास व्हायचं. अल्बर्टानेही पाठोपाठ तसाच मार्ग काढला. ओंटारियोनेही नियम बरेच सैल केलेत, पण तुझी मैत्रीण डोळे मिटून ये म्हणते त्यामागे हे आहे, तिला गप्पा मारायला सोबत हवी म्हणून नव्हे.

आणि शहर कुठलंही ठरव, एनक्लेक्स निघण्याआधी दे. संगणकावरची परीक्षा, कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. तुझ्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड ते मशीन ठरवतं. मुंबईत केंद्र आहे. तिकडे पोचल्यावर मुलीची शाळा, घर, पहिली थंडी यात अभ्यास होत नाही, अनेकींचं पाहिलंय.

पाचपाखाडी

मेट्रनबाईंचा मुद्दा बरोबर, पण नवऱ्याचं काय? चाळिशीकडे आलेला माणूस हॅलिफॅक्सला जाऊन गोदामात खोकी उचलणार का? एकाचं करिअर वाचवायला दुसऱ्याचं घालवायचं हा कुठला न्याय?

सरळ उपाय: तो ब्रॅम्प्टनला, त्या हॅलिफॅक्सला, वर्षभर. इकडे नाही का माणसं नाशिकला नोकरी करून शनिवारी ठाण्यात येत?

सिस्टर_मेट्रन

नाशिकची बस रात्री दोनलाही मिळते. टोरांटो ते हॅलिफॅक्स विमानाने दोन-सव्वादोन तास आणि गाडीने सुमारे अठराशे किलोमीटर. बारा तासांच्या ड्युट्या, त्यातल्या निम्म्या रात्रीच्या, घरात सहा वर्षांची मुलगी आणि नवरा दुसऱ्या प्रांतात. मुलीला कोण बघणार, तुम्ही?

बाकी न्यायाचं म्हणाल तर उलट बाजूने हाच न्याय बायकांना वर्षानुवर्षं लावलात तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

टवाळखोर

पाचपाखाडी, माघार घ्या, अजून वेळ आहे.

घणसोली_ते_गेल्फ

एक माहिती कुणी दिली नाही म्हणून लिहितो. एका प्रांताचा नर्सिंग परवाना मिळाला की दुसऱ्या प्रांतात परत परीक्षा द्यावी लागत नाही. कॅनडाच्या प्रांतांमधला जो मुक्त व्यापार करार आहे, २०१७ पासूनचा, त्यात कामगारांच्या स्थलांतराचं कलम आहे. म्हणजे नोव्हा स्कोशियाचा परवाना ठाण्यात बसून काढायचा आणि लँडिंग थेट ओंटारियोत. दोघांचंही काम झालं.

शिवाय ओंटारियो म्हणजे फक्त टोरांटो नव्हे. हॉस्पिटलातल्या नर्सचा तासाचा दर युनियनच्या प्रांतभरच्या करारात ठरतो. टोरांटोला जो दर तोच थंडर बेला. मग महागड्या शहरात राहून तो पगार भाड्यात का घालवायचा? हायवे ४०१ वर लंडन बघा (इंग्लंडातलं नाही, ओंटारियोतलं), किचनर बघा. मोठी हॉस्पिटलं आहेत, टोयोटाचे कारखाने केंब्रिज आणि वुडस्टॉकला आहेत, त्यांना पार्ट पुरवणारे आसपास आहेत. मी स्वतः गेल्फला आहे आणि ब्रॅम्प्टनच्या ट्रॅफिकचं नाव काढलं की मला कापूरबावडी आठवते.

ओवळेकरीण

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल रात्री नवऱ्याला शेजारी बसवून वाचून दाखवले. पाचपाखाडींच्या प्रतिसादाला तो "बघ" म्हणाला आणि मेट्रनताईंच्या प्रतिसादाला उठून पाणी प्यायला गेला.

दोन शहरांत राहायचं नाही, एवढं ठरलं. घणसोलीकर, तुमचा मार्ग दोघांनाही पटला. तो खरंच नियमात बसतो ना? आमचा पीआर फेडरल (केंद्र सरकारचा) आहे, प्रांताच्या नॉमिनेशनचा नाही.

घणसोली_ते_गेल्फ

बसतो. फेडरल असेल तर क्युबेक सोडून कुठेही राहायचा इरादा असला की झालं. प्रांताच्या नॉमिनेशनवर आला असतात तर त्या प्रांतात खरोखर राहण्याच्या इराद्याने उतरावं लागलं असतं. पीआर कार्डासाठी मात्र उतरल्यापासून १८० दिवसांत कॅनडातला पत्ता कळवा, नाहीतर कार्डाचे वेगळे पैसे भरा.

दर्यावर्दी

नियमात बसतो. पण मला तो रुचत नाही, आणि का ते सांगते. मी हॅलिफॅक्सच्या पलीकडे डार्टमथला राहते, मी पण नर्स, माहेर कोपरखैरणे. नोव्हा स्कोशियाने वाट सोपी केली कारण इथे वॉर्डात माणसं नाहीत. आमच्या युनिटला बदली मिळाली नाही म्हणून मी किती वेळा सोळा तास केलेत ते मोजत नाही. हजारोंनी लोक इथून परवाना काढतात आणि टोरांटोला जातात. कायदा अडवत नाही, खरं आहे. पण असंच चालू राहिलं तर ही वाट किती दिवस उघडी राहील?

ओवळेकरीण, हॅलिफॅक्सची जाहिरात करत नाही, खरं काय ते सांगते.

थंडी कॅलगरीसारखी नाही, पण ओली आहे. सकाळी बर्फ, दुपारी पाऊस, संध्याकाळी त्याच पावसाचा काचेसारखा थर. वारा समुद्रावरचा. २०२२ च्या सप्टेंबरात फियोना वादळ आलं तेव्हा कित्येक घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. घर बघताना भाड्याचा आकडा विचारायच्या आधी विचारायचं, गरम कशावर होतं? जुन्या घरांत तेलाची भट्टी असते आणि तेलाची टाकी तुम्ही भरायची असते, हिवाळ्यात ते बिल दुसऱ्या भाड्याएवढं वाटतं. हीट पंप असेल किंवा हीटिंग भाड्यातच धरलेलं असेल तर शंभर-दोनशे डॉलर जास्त देऊनही परवडतं. चालू भाडेकरूला वर्षाला ५ टक्क्यांवर वाढ करता येत नाही. पण मालक ठराविक मुदतीचं लीज देतात, मुदत संपली की जागा रिकामी करून घेतात आणि पुढच्याला हवं ते भाडं लावतात. लीजचा प्रकार वाचल्याशिवाय सही करू नका.

आयकर देशातल्या चढ्या दरांपैकी. फॅमिली डॉक्टर मिळायला प्रांताच्या यादीत नाव घालून थांबावं लागतं. नाव घातल्या घातल्या मोफत व्हिडिओ सल्ल्याची सोय मिळते, ती मी पुष्कळ वापरली. शाळा पत्त्यावर ठरते, मधल्याच महिन्यात आलात तरी मुलीला पहिलीत घेतात, डोनेशन वगैरे भानगड नाही. किराणा मिळतो. ओला नारळ आणि बरी कोथिंबीर यांच्याबद्दल आशा ठेवू नका. मराठी घरं मोजकी, गणपतीला सगळी एका घरात मावतात आणि भांडायला दुसरं मंडळ नाही, हा फायदाच धरा.

आता यजमानांबद्दल. तुम्ही लिहिलंय रबरी पार्ट. इतक्या प्रतिसादांत कुणाला मिशेलिन आठवू नये? टायरचे तीन कारखाने आहेत त्यांचे नोव्हा स्कोशियात: ब्रिजवॉटर, वॉटरव्हिल आणि ग्रँटन. ब्रिजवॉटर हॅलिफॅक्सपासून तासाभरावर. आणि गंमत बघा, ब्रिजवॉटरला साउथ शोर रीजनल हॉस्पिटल आहे, वॉटरव्हिलजवळ केंटव्हिलला व्हॅली रीजनल, ग्रँटनजवळ न्यू ग्लासगोला ॲबरडीन हॉस्पिटल. तिन्ही कारखान्यांच्या बाजूला हॉस्पिटल. हॅलिफॅक्समध्येच राहायचं तर नौदलाची जहाजं बांधणारं आयर्विंगचं यार्ड आहे, तिथे वेल्डिंग आणि क्वालिटी तपासणीची माणसं लागतात. फक्त संरक्षणाचं काम म्हणून पार्श्वभूमीची तपासणी कडक.

मिसिसॉगा_मामा

मिशेलिनचं मला ठाऊक नव्हतं, मस्त माहिती. पण दर्याताई, ब्रिजवॉटरची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत नऊ हजारांच्या आत होती. ठाण्यातून उठून तिथे जाणाऱ्या माणसाला पहिल्या फेब्रुवारीत वेड लागेल.

दर्यावर्दी

लागू शकतं. म्हणून पहिलं वर्ष हॅलिफॅक्स, मग जमलं तर तिकडे. दोघांना दोन गाड्या लागतील हेही धरून चाला, गावांत बस जवळपास नाहीच.

निवृत्त_सीबीडी

मी कॅनडाला फक्त मुलीकडे जाऊन आलोय, पण नव्या ठिकाणी जाऊन राहण्याबद्दल दोन शब्द. आम्ही १९८४ साली दादर सोडून वाशीला आलो. नातेवाईक म्हणायचे, खाडीपलीकडे कोण येणार तुमच्याकडे? रेल्वे नव्हती, लोकल वाशीला पोचली १९९२ ला. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्री आणि आम्ही. पण सौ. शिक्षिका होती, तिला इथल्या शाळेत कायमची जागा मिळाली आणि मला तुर्भ्याला कारखाना होता. दोघांचं काम चालत जाण्याच्या अंतरावर. दादरला भाऊबंद होते, पण तिला तिथे वर्षानुवर्षं हंगामीच ठेवलं होतं. माणसं नंतर आली. आधी काम होतं, म्हणून आम्ही टिकलो. ज्यांची बायको घरी बसून होती ती कुटुंबं दोन-तीन वर्षांत परत गेली, हे डोळ्यांनी पाहिलंय.

परतलेला_मुलुंडकर

सीबीडीकाकांशी सहमत, आणि हे मी स्वतःहून लिहितोय. आम्ही टोरांटोलाच होतो, सगळं होतं, मंडळ होतं, ढोलपथक होतं. बायको दंतवैद्य. तिच्या परीक्षा आणि त्यांचा खर्च बघून तिने नाद सोडला आणि कॉल सेंटरला लागली. चौथ्या वर्षी परतीचं तिकीट तिनेच काढलं. शहराला मी उगाच नावं ठेवतो.

नौपाड्याची_आजी

मी लिहीत नाही कधी, पण सासूबाई नौपाड्यात एकट्या असं वाचलं म्हणून. माझा मुलगा व्हँकुव्हरजवळ असतो. हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक. माझी सकाळ ती त्याची आदल्या दिवसाची संध्याकाळ, आणि मला रात्री काही झालं तर तो ऑफिसच्या गडबडीत. फोनवर दोघंही नेहमी घाईत.

हॅलिफॅक्सचा फरक हिवाळ्यात साडेनऊ तास, उन्हाळ्यात साडेआठ. म्हणजे मी दुपारी साडेचारला चहा ठेवीन तेव्हा तिकडे सकाळचे सात. नात शाळेला निघायच्या आधी आजीशी बोलून जाईल. टोरांटोला आणखी एक तास, कॅलगरीला तीन. तुम्ही तरुण माणसं भाडं आणि कर बघता, हेही बघा.

सासूबाईंसाठी सुपर व्हिसा काढून ठेवा. एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. निदान वर्षभराचा आणि एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, आणि मुलाचं उत्पन्न त्यांच्या हिशेबात बसावं लागतं. म्हणजे दोघांपैकी एकाची नोकरी लवकर पक्की झाली तर त्या लवकर येऊ शकतील. कायमचं नेण्याची योजना कागदावर आहे, पण २०२० साली ज्यांनी नावं घातली त्यांच्यातूनच इतकी वर्षं बोलावत होते, तिच्यावर विसंबू नका.

मी पाच वर्षांच्या व्हिसावर कधी पाच महिन्यांच्या वर राहिलेली नाही. गडकरीला नाटक लागलं की जीव वर-खाली होतो. पण व्हिसा असला की जायचं की नाही हे माझं मी ठरवते, हे बरं वाटतं. आणि घर असं घ्या की म्हातारं माणूस एकटं बाहेर पडून लायब्ररीत किंवा दुकानात चालत जाऊ शकेल. मुलाच्या आधीच्या घरी मी सगळा वेळ खिडकीत बसून होते.

पाचपाखाडी

आजी, __/\\__

माझा मुद्दा मिशेलिनने निकालात काढला, तेव्हा मी गप्प.

ओवळेकरीण

आजी, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना नौपाड्यात जाऊन दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि विचारलं, "या कुठल्या आळीतल्या?" पासपोर्टचा फॉर्म भरायला तयार झाल्यात. यायला नाही, फॉर्म भरायला.

आमचं सध्या असं ठरतंय. अर्ज नोव्हा स्कोशियाकडेच करतेय, आणि दर्याताई, परवाना मिळाला तर येणारही तिकडेच. तुम्ही लिहिलं ते मला लागलं, कारण सोळा तासांच्या ड्युट्या मीही केल्यात. एनक्लेक्सची तारीख घ्यायची आहे. कौन्सिलकडच्या पडताळणीचा अर्ज या आठवड्यात टाकतेय. नवऱ्याने मिशेलिनच्या संकेतस्थळावर प्रोफाइल बनवलं आणि काल स्वतःहून मला विचारलं की ब्रिजवॉटरला बॅडमिंटन असेल का. लँडिंगच्या मुदतीआधी परवान्याचं काही हललं नाही तर घणसोलीकरांच्या लंडन-किचनर पट्ट्यात उतरू. मावसभावाला फोन करून सांगितलं. तो रागावला नाही, म्हणाला बेसमेंटला दुसरी वाट नाहीच आहे.

कुणाला कौन्सिलकडून पडताळणी थेट परदेशी संस्थेला पाठवून घेण्याचा ताजा अनुभव असेल तर सांगा. स्वतः जाऊन बसावं लागतं की ऑनलाइन अर्जावर होतं?

सिस्टर_मेट्रन

अर्ज ऑनलाइन टाकलास तरी पाठपुरावा करत राहा. नोंदणीचं नूतनीकरण अद्ययावत आहे ना, ते आधी बघ, तिथेच निम्म्या जणी अडकतात. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कॉलेजच्या मार्कशीट, कौन्सिलचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट तिन्हीकडे एकच स्पेलिंग हवं. नसेल तर प्रतिज्ञापत्र आत्ताच कर. आणि हॉस्पिटलकडून अनुभवाचं पत्र घेताना "आयसीयू" आणि बेडची संख्या लिहून घे, नुसतं "स्टाफ नर्स" नको. राजीनामा दिल्यावर एचआरवाले ओळख दाखवत नाहीत.

दर्यावर्दी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येशील तेव्हा पहिले काही दिवस आमच्याकडे उतर. आमचं बेसमेंट नाही, तिसरा मजला आहे आणि दोन जिने आहेत.

खारघर_हिल्स

धागा छान चाललाय म्हणून इथेच विचारतो. माझी बायको फार्मासिस्ट आहे आणि मी शाळेत गणित शिकवतो. आम्हाला कुठला प्रांत बरा?

सिस्टर_मेट्रन

दोघंही परवान्याचे धंदे! वेगळा धागा काढा, हा नर्सिंगचा राहू दे. आणि पोस्टमध्ये दोघांची कागदपत्रं कुठवर आलीत ते आधी लिहा, शहरांची नावं नंतर.